मार सोसणाऱ्या बाईनं बोलायचं कसं आणि बोललेलं कागदावर आणायचं कसं

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-विटा भागात म्हणतात, नवऱ्यानं मारलं तरी बाई तोंडातून शब्द काढत नाही. हे खरं नाही. ती बोलते. आईला फोनवर सांगते, शेजारणीला सांगते, द्राक्षाच्या विरळणीला गेली की टोळीतल्या बायांना सांगते. पण त्या बोलण्याची नोंद कुठंच होत नाही. मग भावकी बसते, चार माणसं ‘झालं गेलं विसरा’ म्हणतात आणि पोरगी परत नांदायला जाते. पुन्हा मार खाऊन आली की बैठक पहिल्यापासून सुरू, जणू आधी काही घडलंच नव्हतं. म्हणून माझा एकच आग्रह आहे. जे बोलशील, त्याचा कुठंतरी कागद होऊ दे.

मी तासगावात ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. लग्न खानापूर तालुक्यात झालं होतं, नवऱ्याचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान तमिळनाडूत. तिथं मार खाल्ला, इथं परत आले, इथंच केस केली. आता कुणी सोबत ये म्हटलं की मी कोर्टात, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात जाते. मी वकील नाही. पण ही वाट पायाखालची आहे.

दुकानात मला काय काय कळतं ते सांगते. दंडाचं माप घ्यायला टेप लावला की एखादी झटकन हात मागं घेते. ऐन एप्रिलात एखादी म्हणते, ‘ताई, बाही कोपराच्या खाली येऊ दे’. गळा मागून बंद करायला सांगते, आणि चार महिन्यांपूर्वीच्या मापाच्या वहीत तिचा गळा खोल लिहिलेला असतो. मी तिथं काही विचारत नाही, कारण बाहेर बाकड्यावर सासू बसलेली असते. ‘फिटिंग बघायला एकटी ये’ एवढंच म्हणते. ब्लाऊज आणायला जाते म्हटलं की घरातून कुणी अडवत नाही. तुझ्याही गावात अशी एखादी जागा असेल, जिथं गेल्यावर कुणाला संशय येत नाही. शिवणवाली, आशाताई, बचत गटाची बैठक, पोराच्या बाई. सुरुवात तिथून कर.

सांगायचं कुणाला

पहिल्यांदा आईलाच सांगायला हवं असं नाही. आईचा जीव तुटतो, पण घरात तिचं चालत नसतं, आणि ती रडून ‘लेकराकडं बघून दिवस काढ’ म्हणाली की तुझं तोंड पुढची पाच वर्षं बंद होतं. असं माणूस निवड, जे तुझ्यासोबत एसटीत बसून तालुक्याला येईल. तेवढी एकच परीक्षा लाव. जीव लावणारे पुष्कळ असतात, सोबत येणारं एखादंच असतं.

सांगताना ‘त्रास देतात’ म्हणून सोडून देऊ नकोस. त्रास या शब्दात भाजीत मीठ कमी पडल्याची कुरकुरही बसते आणि गळा दाबणंही बसतं. काय केलं, कशानं केलं, कधी केलं, कोण बघत होतं, हे सांग. ‘सोमवारी रात्री जेवताना ताट फेकून मारलं, भुवईवर लागलं, धाकटी पोर तिथंच होती’ असं. ऐकणाऱ्याला मग ‘एका हातानं टाळी वाजत नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

फक्त मारहाण म्हणजे छळ, असंही धरून बसू नकोस. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा चार गोष्टी मोजतो: शारीरिक, लैंगिक, तोंडी-मानसिक आणि आर्थिक. मुलगा होत नाही म्हणून टोमणे, इच्छा नसताना जबरदस्ती, घरखर्चाला पैसे न देणं, अंगावरचं सोनं काढून गहाण टाकणं, पगार किंवा लाडक्या बहिणीचे पैसे खात्यातून काढून घेणं, हे सगळं त्यात येतं. आणि हा कायदा नुसत्या लग्नाच्या बायकोसाठी नाही. दीर मारतो ती विधवा, मुलगा मारतो ती आई, भाऊ मारतो ती बहीण, लग्नासारखं एकत्र राहणारी बाई, सगळ्यांना तो लागू आहे. सासू-नणंदेविरुद्धही अर्ज करता येतो. २०१६ साली सुप्रीम कोर्टानं कायद्यातली ‘प्रौढ पुरुष’ ही अटच काढून टाकली.

वही, फोटो, दवाखाना

एक साधी वही कर. तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं. शुद्धलेखनाची काळजी नको. घरात ठेवू नकोस. माझ्या दुकानात कपड्यांच्या गठ्ठ्याखाली अशा वह्या आहेत. त्या बाया येतात, चार ओळी लिहितात, ब्लाऊज घेऊन जातात.

जखमेचा फोटो काढताना एक फोटो असा काढ की चेहरा आणि जखम दोन्ही दिसतील. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वळ काळानिळा पडतो, तेव्हा पुन्हा काढ. बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठव आणि मग स्वतःच्या फोनमधून काढून टाक. काढताना ‘फक्त माझ्यासाठी’ हाच पर्याय दाब, नाहीतर तिच्याकडचाही जाईल. फोन नवऱ्यानं सुरू करून दिला असेल आणि गूगलचं खातं त्याचं असेल, तर तुझे फोटो आपोआप त्याच्या फोनवर दिसू शकतात. मग फोटो बहिणीच्याच फोनवर काढलेला बरा. त्यानं पाठवलेल्या शिव्या-धमक्यांचे मेसेज पुसू नकोस. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन ठेव.

आता दवाखाना. इथं आपल्या बायका स्वतःच्याच हातानं स्वतःचा पुरावा पुसतात. डॉक्टर विचारतात, ‘काय झालं?’ सोबत नवरा किंवा सासू उभी. बाई म्हणते, ‘मोरीत पाय घसरला’. केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि वर्षभरानं कोर्टात समोरचा वकील तोच केसपेपर वाचून दाखवतो. ग्रामीण रुग्णालयात किंवा सांगली-मिरजेच्या सिव्हिलला गेलीस तर डॉक्टरला किंवा सिस्टरला हळू आवाजात सांग, ‘मला एकटीला तपासा’. तपासायच्या नावाखाली सोबतच्या माणसाला बाहेर थांबवणं त्यांना अवघड नसतं. मग सांग, ‘नवऱ्यानं मारलंय, तसंच लिहा आणि एमएलसी करा’. एमएलसी म्हणजे मारहाणीची, पोलीस-कोर्टाच्या कामाची दवाखान्यातली नोंद. कानाखाली बसली असेल आणि कमी ऐकू येत असेल, गळा दाबला असेल आणि गिळताना दुखत असेल, तर तेही सांग. हे वरून दिसत नाही, सांगितल्याशिवाय लिहिलं जात नाही. गळा दाबल्याला हलकं घेऊ नकोस. ज्यानं एकदा गळ्याला हात घातला तो पुढं जीव घेऊ शकतो, अशा बाईनं त्या घरात आणखी एक रात्रही काढू नये असं माझं ठाम मत आहे. आधी तक्रार केली नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही.

बैठक बसली तर

आपल्या भागात ही पायरी चुकत नाही. पाव्हणे येतात, चहा होतो, दोन्हीकडची जाणती माणसं सोप्यात बसतात आणि जिच्याबद्दल बोलायचं ती आत चुलीपाशी असते. तिला शेवटी बोलावतात आणि विचारतात, ‘काय गं, नांदायचंय का न्हाई?’ या प्रश्नाला हो म्हटलं तर मार मान्य, नाही म्हटलं तर घर मोडणारी. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर देऊच नकोस. म्हण, ‘मला मार बंद व्हायला हवाय. तो कसा बंद होणार ते आधी सांगा.’ आणि पुन्हा पुन्हा तेच म्हण. आवाज चढवू नकोस. रडू आलं तर रड, पण वाक्य बदलू नकोस.

बैठकीला जायचं की नाही? मी म्हणते, टाळता आली तर टाळ. टळत नसेल तर आत बसू नकोस, बाहेर माणसांत बस, आणि तुझ्या बाजूची किमान एक बाई शेजारी घे. सुरुवातीलाच कुणाला तरी लिहायला लाव. तारीख, कोण कोण हजर, तू काय सांगितलंस, नवऱ्यानं काय कबूल केलं. हात उचलल्याचं त्यानं कबूल केलं असेल तर ते वाक्य जसंच्या तसं लिहून घे, खाली हजर असलेल्यांच्या सह्या घे. सह्या करायला माणसं कचरतात. कचरली तर तेही वहीत लिहून ठेव.

याच्या उलट एक कागद येतो, त्यापासून सावध राहा. स्टँपपेपर तयार असतो, ‘राजीखुशीनं सोडचिठ्ठी देत आहे, पोटगीचा व दागिन्यांचा हक्क राहिला नाही’ असा मजकूर आणि खाली फुली मारलेली जागा. तिथं सही करू नकोस. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट कोर्ट देतं. एखाद्या समाजात रूढीनं काडीमोड होते, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. नोटरीच्या शिक्क्यानं लग्न मोडत नाही, पण तू हक्क सोडलास म्हणून तो कागद तुझ्याच विरुद्ध नाचवला जातो. ‘वकिलाला दाखवून सांगते’ एवढं म्हणून उठ.

तंटामुक्त समितीचंही बोलते. आमच्याच तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा पाटील राज्याचे गृहमंत्री असताना, २००७ साली ही मोहीम सुरू झाली. बांधाच्या, वाटेच्या, पाण्याच्या भांडणांत गावाचा कोर्टाचा खर्च वाचतो, चांगली गोष्ट. पण बायकोचं डोकं फोडणं हा बांधाचा तंटा नाही. समितीनं मिटवलं म्हणून तुझा कोर्टात जायचा हक्क संपत नाही, हे कुणी कितीही दडपून सांगितलं तरी लक्षात ठेव.

आणि ‘ही शहरातली खुळं इकडं नकोत’ असं कुणी म्हणालं तर त्यांना कासेगावची आठवण दे. तिथल्या कार्यकर्त्या इंदुताई पाटणकरांनी १९८० नंतरच्या काळात याच जिल्ह्यात टाकलेल्या बायांना उभं केलं, त्यांच्या हक्काचं बोलल्या. हे बोलणं इथल्याच मातीतलं आहे.

तक्रार म्हणजे घटस्फोट नव्हे

हा गैरसमज मोडला तर निम्म्या बाया आज बोलतील. २००५ च्या कायद्याखाली अर्ज केला म्हणून लग्न मोडत नाही. तू सासरच्या घरात राहून, नवऱ्याशी लग्न कायम ठेवून कोर्टाला म्हणू शकतेस की याला मारायला मनाई करा, मला घरातून काढू नका, माझ्या आणि पोरांच्या खर्चाला पैसे द्यायला लावा, माझे दागिने परत द्या, पोरं माझ्याजवळ राहू द्या. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तू तिथं नांदलीस म्हणून राहण्याचा हक्क मागता येतो. २०२० च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलं आहे. सासरे म्हणतात, ‘घर माझं आहे, चालती हो.’ तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं.

अर्ज कुठं करायचा? गलाईवाल्यांच्या बायकांसाठी हे मुद्दाम लिहिते. नवरा कोइमतूरला असो, केरळात असो की उत्तर प्रदेशात, मार तिकडं खाल्लेला असो, तू सध्या जिथं राहतेस तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. तात्पुरती राहत असलीस तरी चालतं. कायद्याचं २७ वं कलम आहे. मला तिकडची भाषा येत नव्हती, पोलिसांपुढं उभी राहून काय सांगणार होते? तासगावच्या कोर्टात मी मराठीत बोलले. पोलिसांतल्या गुन्ह्याचंही तसंच. छळाला कंटाळून जिथं आसरा घेतलास तिथं गुन्हा नोंदवता येतो, हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलं आहे.

संरक्षण अधिकारी हे पद याच कामासाठी आहे. कुठं बसतात ते पंचायत समितीत एकात्मिक बालविकासच्या कार्यालयात किंवा थेट कोर्टात विचार. ते तुझी हकिगत एका ठरलेल्या नमुन्यात लिहून कोर्टाला देतात. तुझी वही तिथं कामाला येते. वकील फुकट मिळतो. बाईला उत्पन्नाची अट नाही, कितीही सधन घरातली असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याचं प्राधिकरण सांगलीला जिल्हा न्यायालयात. फोन १५१००. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत व्हावा. प्रत्यक्षात तारखा पुढं जातात, मनाची तयारी ठेव. म्हणूनच पहिल्याच अर्जात अंतरिम आदेश आणि अंतरिम खर्च माग. सगळ्यांसमोर बोलायची लाज वाटत असेल तर बंद खोलीत सुनावणी मागता येते.

नवरे कोर्टात सांगतात, ‘धंदा बसला, उत्पन्न नाही’. रोखीच्या धंद्यात तर हे सोपं. २०२० पासून दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. गावाकडं नवीन बांधलेल्या बंगल्याचा फोटो, गाडीचा नंबर, यात्रेला दिलेल्या देणगीची पावती, विम्याचा हप्ता, अशा गोष्टी वकिलाला आधीच दे.

पोलिसांकडं जायचं तर तक्रार दोन प्रतींत लिही आणि एकीवर पोहोच घे. नवऱ्यानं-सासरच्यांनी छळ केल्याचं, पूर्वी ४९८ म्हणायचे ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ झालं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. ठाण्यात नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतात तेव्हा काय लिहिलंय ते वाचून बघ. ‘किरकोळ वाद’ असं लिहिलं असेल तर तुझे शब्द घालायला लाव. गुन्हा नोंदवला की त्याची प्रत फुकट मिळते. नोंदवतच नसतील तर तीच तक्रार जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठव आणि पावती जप. एक लक्षात घे, तक्रार झाली की लगेच अटक होतेच असं नाही. त्या रात्री तो घरीच असू शकतो आणि तो चिडलेला असेल. त्यामुळे तू कुठं झोपणार ते ठरवल्याशिवाय ठाण्याची पायरी चढू नकोस.

निघायचं ठरलं तर

बोललीस तेव्हा नव्हे, निघालीस तेव्हा धोका जास्त. जाते म्हणून सांगून जाऊ नकोस. दिवसा निघ, तो कामावर असताना. आधार, रेशनकार्ड, पासबुक, पोरांचे जन्मदाखले, लग्नपत्रिका, दागिन्यांच्या पावत्या. हे आधीच एकेक करून बाहेर पोचव, निदान फोटो तरी. दागिन्यांची पावती नसेल तर लग्नाच्या अल्बममधले अंगावर दागिने दिसणारे फोटो घे. बँकेला आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर तुझा आहे का ते आधी बघ. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढे पैसे ओच्यात कायम ठेव. पोरांना मागं ठेवू नकोस. शाळेचा दाखला नाही म्हणून आठवीपर्यंतच्या पोराला नवी शाळा थांबवू शकत नाही.

जायला जागाच नसेल तर १८१ ला फोन कर. फुकट आहे, रात्रीही लागतो. सखी केंद्राची माहिती तिथं मिळते, तिथं थोडे दिवस राहता येतं, समुपदेशक आणि वकीलही भेटतात. मारहाण चालू असेल तर ११२.

माहेरच्यांनी हे वाचावं

पोरगी परत आली की घरात कुजबुज सुरू होते. धाकटीचं लग्न व्हायचंय, लोक काय म्हणतील. पण खरी धास्ती पुष्कळदा वेगळी असते. ही इथंच राहिली तर जमिनीत वाटा मागेल. हे कुणी तोंडानं म्हणत नाही, म्हणून मी लिहिते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रात १९९४ ला तशी दुरुस्ती झाली, देशात २००५ ला. लग्न झालेल्या मुलींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, साडी-चोळी देऊन. सही केलेली पोरगी मार खाऊन परत आली तर ती वहिनीच्या दारात पाहुणी म्हणून उभी असते. भावांनो, बहिणीला तुम्ही काही देत नाही, तिचंच तिच्याकडं राहू देताय. आणि बायांनो, हक्कसोडपत्रावर घाईनं सही करू नका, प्रेमापोटीसुद्धा नाही.

तिला परत पाठवायचीच वेळ आली तर मोकळ्या हातानं पाठवू नका. आधी कोर्टाचा संरक्षण आदेश घ्या, मग पाठवा. ‘पुन्हा असं होणार नाही’ हे सोप्यात बसून दिलेलं वचन कुणी मोडलं तर त्याला काही होत नाही. कोर्टाचा आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आदेश झाला की त्याची प्रत कोर्टाकडून फुकट मिळते. तिच्या झेरॉक्स काढ. एक सासरच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात देऊन पोहोच घे, एक पोरांच्या शाळेत मुख्याध्यापकांकडं दे म्हणजे तो पोरांना परस्पर उचलून नेणार नाही, एक सोबत येणाऱ्या त्या माणसाकडं ठेव. मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेव, लॅमिनेशन करू नकोस, पुढं तिच्यावर शिक्के घ्यायची वेळ येते.